एकच कडा, दोन निकाल

एका जगाला तीन जीएम, म्हणजे खेळ चालवणारे आणि निकाल देणारे, असले की आज ना उद्या भांडण ठरलेलं. बेळगाव भागातल्या मराठी पोरापोरींच्या एका डिस्कॉर्ड सर्व्हरवर, म्हणजे गप्पांच्या ॲपवरच्या गटात, जिथे जो तो एकेक पात्र (कॅरेक्टर) घेऊन गोष्ट खेळतो, ते एका कड्यावरून झालं. दोन गट, एकच कडा, खेळातला एकच पावसाळी आठवडा. पहिल्या गटातला जासूद त्या कड्यावरून पडून मेला. दुसऱ्या गटातली कासारीण फाशाच्या एका रोलमध्ये वर पोचली आणि वरून दिंडी दरवाजाही उघडून बसली. दोन्ही गटांचा खेळ ज्यात लिहिला जातो ते थ्रेड सगळ्यांना दिसतात. पुढचं सांगायला नको.

मी त्या सर्व्हरवर खेळत नाही, पण तिथल्या बऱ्याच जणांना ओळखतो. म्हणून लॉग, म्हणजे खेळाची लिखित नोंद, वाचून मत द्यायचं काम माझ्या गळ्यात आलं. इथे कुणाची नावं नाहीत. जीएमना सर्व्हरवर सगळे ज्या नात्याने हाक मारतात ते नातं वापरलं आहे, आणि खेळाडूंना त्यांच्या कॅरेक्टरच्या धंद्यावरून ओळखायचं आहे. प्रकरण लिहून काढायची परवानगी सगळ्यांनी दिली. जासुदाच्या खेळाडूने सगळ्यात आधी.

जग आणि जीएम

खेळ राज्याभिषेकानंतरच्या, म्हणजे १६७४ नंतरच्या काळात घडतो. एका बाजूला आदिलशाही ठाणी, दुसऱ्या बाजूला स्वराज्याचे गड, आणि मधल्या मुलखात जो तो संशयित. कड्याचा गड काल्पनिक आहे, पण खानापूरच्या जंगलातल्या भीमगडावरून तो बेतलाय हे तिकडे जाऊन आलेल्याला लगेच कळेल. खेळणारे शहापूर-वडगाव, टिळकवाडी, खानापूर, निपाणी, हुक्केरी असे पांगलेले. एक-दोघं हद्दीपलीकडच्या चंदगडचे. एका जागी बसून खेळायचं तर सगळ्यांच्या वेळा जुळणं मुश्कील, म्हणून सगळा खेळ लिहून चालतो. कुणी शिफ्ट सुटल्यावर चार ओळी टाकतो, कुणी क्लासला जायच्या आधी. खेळातलं बोलणं देवनागरीत, बाकीच्या टिवल्याबावल्या रोमन लिपीत.

नियम 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीचे, जादू वगळून. अवघड काही करायचं असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात अंगच्या कौशल्याचे गुण मिळवायचे आणि जीएमने ठरवलेला आकडा गाठायचा. फासा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, टाकतो आणि सगळ्यांसमोर टाकतो. समोरासमोरच्या खेळात जीएम पडद्याआड फासा टाकून आकडा हळूच इकडचा तिकडे करू शकतो. ती सोय इथे नाही.

तीन जीएमपैकी मामा खानापूरचे, कौलांच्या कारखान्यात हिशेब बघणारे. सर्व्हर त्यांनीच सुरू केला, पण खेळ चालवणं त्यांनी आता जवळजवळ सोडलंय. दादा टिळकवाडीचा, उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटीचं काम करतो. माप बसलं तर माल पास, नाहीतर परत भट्टीत. खेळातही त्याचा तोच लौकिक. अक्का निपाणीची, शाळेत शिकवते. तिच्याकडे 'चालवून घेतात' असं सगळे म्हणायचे, तिच्याकडे खेळणारेसुद्धा.

त्या रात्रीचा लॉग

दादाच्या थ्रेडमधला मजकूर असा आहे.

दादा लिहितो, "पाऊस आहे. कडा निसरडा. चढाईचा रोल कर, १५ लागतील." जासुदाच्या अंगी चढाईचे ४. बॉट १३ दाखवतो, म्हणजे १७. "वीस फूट वर आलास. आता मधला टप्पा." फासा १६, एकूण २०. "अजून एक." फासा ५, एकूण ९. पन्नास फुटांवरून जासूद खाली.

पडण्याचा हिशेब पुस्तकात सरळ आहे. दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा, म्हणजे इथे पाच. त्यांची बेरीज २२ आली आणि जासुदाचा जीव उरला होता १९. शून्यावर गेलेलं कॅरेक्टर लगेच मरत नाही. पाळी येईल तसा त्याने वीसचा फासा टाकायचा, १० किंवा जास्त आले तर यश. तीन यशं मिळाली तर जीव तगतो, तीन अपयशं झाली तर खेळ खलास. आणि १ पडला तर तो दोन अपयशांचा धरतात. अंधारात, पावसात, सोबत्यांना त्याच्यापर्यंत पोचता आलं नाही. फासे पडले ९, १४ आणि १. दोन वर्षं जपलेलं कॅरेक्टर गेलं. थ्रेडमध्ये बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही आणि मग कुणीतरी फक्त "अरेरे" टाकलं.

अक्काच्या थ्रेडमध्ये कासारीण त्याच कड्याखाली आली तेव्हा तिच्या अंगीही चढाईचे ४ च होते आणि अक्कानेही १५ च मागितले. कासारणीने सहा ओळी लिहिल्या: धनगरवाड्यावर राहताना मिळालेला दोर, कड्याच्या भेगेत रुजलेल्या झाडाचं मूळ, त्यात अडकवलेला फास, पाण्याची धार जिथून येत नाही ती डावी बाजू. (घोरपड मात्र मागितली नाही, त्याबद्दल तिचं कौतुक.) अक्काने उत्तर दिलं, "दोर आहे, वाट हेरली आहेस. ॲडव्हान्टेजने टाक." म्हणजे दोन फासे टाकायचे आणि मोठा धरायचा. ८ आणि १५ पडले. १५ आणि ४, एकोणीस. कासारीण वर.

आता हिशेब मांडू. ४ गुण हाताशी असताना १५ गाठायला फाशावर ११ किंवा जास्त लागतात, म्हणजे पन्नास टक्के. तेच सलग तीनदा जमायची शक्यता साडेबारा टक्के. ॲडव्हान्टेजसह एकच रोल असेल तर पंच्याहत्तर टक्के. कडा तोच, पाऊस तोच, मागितलेला आकडा तोच, आणि वर पोचायची शक्यता सहापट. दोघांपैकी एकाही जीएमने नियम मोडलेला नाही. चढाईसाठी किती रोल घ्यायचे हे पुस्तक सांगतच नाही, आणि ॲडव्हान्टेज कधी द्यायचा हेही जीएमवर सोडतं.

आरोप

जासुदाचा खेळाडू वडगावात मागावर काम करतो आणि रात्रीच खेळायला येतो. कासारणीचा लॉग वाचून त्याने सगळ्यांच्या चॅनेलवर लिहिलं, "ओ दादा, तीन रोल हायत हे आधी सांगायचं की ओ. पयल्या टप्प्यावरनंच मागं फिरलो असतो." दुसरा मेसेज जास्त बोचरा होता: कासारणीची खेळाडू निपाणीचीच, अक्काच्या घरच्यांच्या ओळखीतली, तेव्हा बाकी काय ते समजून घ्या.

त्याची मागणी एकच होती, जासुदाचं मरण रद्द करा. मग चॅनेलवर दोन तट पडले. एक तट म्हणे दादा नियमाने चालतो, अक्का माणूस बघून. दुसरा म्हणे अक्काला गोष्ट कळते, दादाला फक्त आकडे. दादा स्वतः एवढंच बोलला, "पावसात साठ फूट कडा एका रोलमध्ये कोण चढतं?" हा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. अक्काचं उत्तर असं: "ती खेळात पंधरवडाभर धनगरवाड्यावर राहिली होती. दोर तिथनंच आणलाय. जुन्या थ्रेडमध्ये आहे, बघून घ्या."

लॉगमध्ये खरोखर काय निघालं

जुने थ्रेड चाळताना दोघांबद्दलचा समज उलटा पडत गेला.

दादाचं बोलणं कडक, पण त्याने फासा पडल्यानंतर दोनदा सूट दिली होती. एकदा चंदगडच्या खेळाडूचं नेटवर्क गेलं, तोवर त्याचा रोल फसलेला होता. दादाने दुसऱ्या दिवशी नव्याने टाकायला दिला. दुसऱ्यांदा, नुकतीच आलेली एक मुलगी बाणाने मरायच्या बेतात होती. दादाने लिहिलं, "नवीन आहे, जाऊ दे," आणि बसलेला मार निम्मा केला. दोन्ही वेळा हेतू चांगला होता, पण दोन्ही वेळा निकाल दिसल्यावर हात फिरला. जासुदाच्या वेळी मात्र फिरला नाही. जासुदाच्या खेळाडूला हे दोन प्रसंग माहीतच नव्हते. मामांनी ते सगळ्यांसमोर ठेवले तेव्हा दादाला ते आवडलं नाही.

अक्काच्या लॉगमध्ये फासा पडल्यानंतर काही बदललेलं मला एकदाही सापडलं नाही. आदल्या वर्षी तिच्याकडे एक कॅरेक्टर विषाने मेलं, तेव्हाही ती हलली नव्हती. ती जे काही देते ते फाशाच्या आधी देते, आणि प्रसंगात हाताशी धरण्यासारखी वस्तू असेल तर देते: दोर, ओळखीचा माणूस, आधी हेरलेली वाट. म्हणजे जिला सगळे सैल म्हणत होते तिचा हात एका रेषेत चालत होता, आणि ज्याला कडक म्हणत होते त्याचा नेमका नको तिथे थरथरत होता. आवाजावरून माणूस कडक वाटतो की मऊ, यावर आपण फारच विसंबतो.

जत्रेतल्या कुस्तीत निकाली की गुणांवर हे जोड लावतानाच सांगतात. पाठ लागल्यावर पंचाने 'ही गुणांवर होती' म्हटलं तर आखाड्यात काय होईल ते इकडच्या वाचकाला सांगायची गरज नाही. जीएमला वाकायला मोकळीक हवीच, पण ती फासा हातात असेपर्यंत. माझ्या मते या प्रकरणातला खरा दोष तीन रोल घेणं हा नव्हता. तीन आहेत हे पहिल्याच्या आधी न सांगणं हा होता. वीस फुटांवर जासुदासमोर परत फिरायचा पर्याय होता, पण समोर काय वाढून ठेवलंय हे ठाऊक नसताना पर्याय कसला?

पण अक्का निर्दोष सुटली असंही नाही, आणि इथे मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते बोलणं आलं हुक्केरीच्या शिलेदाराकडून, ज्याचा या कड्याशी काही संबंध नव्हता.

चार ओळी लिहिता न येणं

शिलेदाराच्या घरी मराठी, शाळा पहिलीपासून कन्नड. सीमाभागात हे घरोघरी आहे. बोलतो झकास, लिहिताना अडखळतो, ऱ्हस्व-दीर्घाची भीती बाळगतो. खेळात त्याच्या ओळी तुटक असतात. त्याने मामांना आपला एक जुना प्रसंग दाखवला. अक्काच्याच टेबलावर, म्हणजे तिच्या थ्रेडमध्ये, पूर आलेल्या ओढ्यात उतरताना त्याने लिहिलं होतं, "दोर झाडाला बांधतो. उतरतो." अक्काने साधा रोल मागितला. फासा पडला ६, शिलेदार वाहून गेला, घोडं गेलं, पत्रं भिजली.

"मला रंगवून लिहायला येत नाही," त्याने लिहिलं, "म्हणून माझा ओढा जास्त खोल काय?"

याला उत्तर नव्हतं. कासारणीजवळही दोरच होता आणि शिलेदाराजवळही. फरक सहा ओळींचा. अक्का वस्तू बघून ॲडव्हान्टेज देते हे खरं, पण वस्तू तिच्या नजरेत भरायची ती भाषेतून. शिक्षिकेला चांगलं लिहिलेलं आवडणारच. ओळखीपाळखीचा आरोप मला शेवटपर्यंत पटला नाही. कासारणीला अक्काने नाकारलेले ॲडव्हान्टेजही लॉगमध्ये आहेत. पण भाषेचा पक्षपात होता, आणि तो ओळखीच्या पक्षपातापेक्षा पकडायला अवघड, कारण करणाऱ्याला तो पक्षपात वाटतच नाही, दाद वाटते.

मामांनी मग एक शहाणपणाचं काम केलं. दोन्ही जीएमच्या थ्रेडमधून काही प्रसंग काढले, नावं खोडली, वर्णनं काढून फक्त 'हाताशी काय होतं, काय करायचं होतं' एवढंच ठेवलं आणि तिसऱ्याच गटातल्या तिघांना विचारलं, इथे ॲडव्हान्टेज द्याल का? कासारणीला तिघांनी दिला. ओढ्यातल्या शिलेदारालाही तिघांनी दिला. अक्काने ते वाचून लिहिलं, "शिलेदारा, तुझं घोडं माझ्याकडे लागतं." घोडं पुढच्या थ्रेडमध्ये त्याला मिळालं, ओढ्याच्या खालच्या अंगाला चरताना. पत्रं मात्र भिजली ती भिजलीच.

जुनाच तंटा

हा तंटा काही या एकाच सर्व्हरचा नाही, खेळाच्या खापरपणजोबांपासूनचा आहे. १८२४ साली, इकडे कित्तूरला राणी चन्नम्मांनी कंपनीच्या फौजेशी दोन हात केले त्याच वर्षी, तिकडे प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने युद्धाचा एक खेळ आणला. नकाशा, फासे, तक्तेच तक्ते आणि दोन्ही बाजूंच्या मधे एक पंच. तक्त्यांमुळे खेळ रेंगाळायचा. १८७६ साली व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने सुचवलं की तक्ते आणि फासे गुंडाळून ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. पुढे १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या युद्धखेळांत मुरलेल्या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला. आजचा जीएम त्याच पंचाच्या वंशातला. दादा राइसविट्झचा, अक्का व्हेर्न्वाची, असं चॅनेलवर कुणीतरी लिहिलंही.

पण प्रशियाच्या पंचाला जी सोय होती ती आपल्याकडे नाही. त्याच्या खांद्यावर हुद्दा होता. समोरचे दोघे हाताखालचे अधिकारी, पंचाने निकाल दिला की टाच जुळवून गप्प. आपल्या सर्व्हरवर हुद्दा म्हणजे स्क्रीनवर नावाला दिलेला वेगळा रंग. शिवाय खोलीत बसून दिलेला निकाल आठवड्याभरात विसरला जातो. लिहून चाललेल्या खेळात तो कायम राहतो, शोधपेटीत 'कडा' टाकला की समोर येतो आणि दुसऱ्या निकालाशेजारी ठेवून वाचता येतो. ऑनलाइन जीएमचा प्रत्येक शब्द पायंडा पाडतो, त्याची इच्छा असो वा नसो. घरच्या टेबलावर चालणारी मोकळीक जशीच्या तशी सर्व्हरवर आणली की ती लोकांना लहर वाटते, याचं कारण एवढंच आहे.

मरण रद्द करायचं का?

निवाडा मामांनी करायचा होता. जासुदाची मागणी मान्य करणं वरवर सोपं दिसत होतं: तिसऱ्या रोलच्या आधीपर्यंत मागे जायचं आणि त्याला विचारायचं, चढतोस की फिरतोस? दोष जीएमचा असेल तर हाच न्याय, असं बऱ्याच जणांचं मत पडलं.

अडचण अशी की मधल्या काळात जग पुढे सरकलं होतं. सोबत्यांनी जासुदाला दहन दिलं होतं, आणि तो प्रसंग सर्व्हरवरच्या उत्तम लिखाणापैकी आहे. त्याच्या कमरेचा कागद शत्रूच्या हाती पडला होता आणि त्यावरून अक्काच्या गटावर छापा आला होता. एवढंच नव्हे, खानापूरच्या एका नव्या मुलाने जासुदाचा धाकटा भाऊ म्हणून कॅरेक्टर बनवलं होतं. भावाचं मरण हेच त्याचं घर सोडायचं कारण. मरण रद्द केलं की या पोराच्या पायाखालची जमीन गेली, आणि त्याने तर कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

मामांनी मरण कायम ठेवलं. कासारीणही वरच राहिली. पण निवाड्यात त्यांनी स्पष्ट लिहिलं की रोल किती हे आधी सांगितलं नाही ही जीएमची चूक, खेळाडूची नव्हे. त्याखाली दादाला "मान्य" असं लिहायला लावलं. दादाने ते लिहायला बराच वेळ घेतला.

मामांच्या निवाड्याचा एक भाग मला पटला नाही. सर्व्हरचा जुना नियम असा की कॅरेक्टर मेलं तर नवं एक पायरी खालून सुरू करायचं. तो नियम त्यांनी इथेही लावला, 'सगळ्यांना एक तोच नियम' म्हणून. मी त्यांना फोनवर म्हटलं, चूक जीएमची म्हणता आणि दंड खेळाडूला लावता, हे कसलं सातत्य? ती खालची पायरी बेफिकीर खेळणाऱ्याला चाप म्हणून होती. जिथे खेळणारा बेफिकीर नव्हता तिथे नियमाचं कारणच उरत नाही, उरतात नुसती अक्षरं. मामा म्हणाले, एकाला सोडलं तर उद्या दहा येतील. येऊ देत की. दहांपैकी जिथे जीएमची चूक कागदावर मान्य आहे तेवढ्यांना सोडा. त्यांनी ऐकलं नाही, आणि जासुदाचा खेळाडू त्यानंतर बरेच दिवस सर्व्हरवर फिरकला नाही.

महजर

पुढे जी व्यवस्था लागली तिला मामांनी 'महजर' नाव दिलं. शिवकाळात गोतसभेपुढे झालेल्या निवाड्याचा साक्षीनिशी केलेला कागद म्हणजे महजर, तेव्हा नाव खेळाच्या काळाला शोभतं. एक बंद चॅनेल आहे. लिहितात फक्त जीएम, वाचतात सगळे.

त्यात पहिली नोंद कड्याचीच: उंची साठ फूट, टप्पे तीन, कोरडा असताना १२, ओला असताना १५. आकड्याला पाचपेक्षा कमी फरकाने चुकलात तर लटकून राहाल, मागे फिरता येईल. पाच किंवा जास्तने चुकलात तर पडाल. दोर असेल तर ॲडव्हान्टेज, पण टप्पे तीनच. म्हणजे अक्काचा एकच रोल जास्त सैल होता हेही यात आलं. ॲडव्हान्टेजसह सलग तीन टप्प्यांची शक्यता सुमारे ४२ टक्के, दोन्ही निकालांच्या मधली. आणि लटकून राहण्याची सोय असती तरी जासूद वाचला नसता, तो सहाने चुकला होता. ही गोष्ट दादाने दोनदा दाखवून दिली. दुसऱ्यांदा दाखवली नसती तर बरं झालं असतं.

यामागचा विचार मला योग्य वाटतो: कड्याची अवघडता कड्याची, कुठल्याही जीएमच्या थ्रेडमध्ये ती बदलायची नाही. त्या घडीला खेळाडूच्या हाताशी काय आहे आणि त्याचा कितपत उपयोग, हे मात्र समोरच्या जीएमने ठरवायचं. २००० ते २००८ या काळात चाललेल्या 'लिव्हिंग ग्रेहॉक' या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्याच सामायिक मोहिमेत कितीतरी जीएम एकच जग चालवत. कॅरेक्टर एका टेबलावरून दुसऱ्यावर नेता यावं म्हणून तिथे साहसंच आधी लिहून दिलेली असत. तेवढं करकचून बांधायची आपल्याला गरज नाही. कडे, दरवाजे, ओढे बांधून ठेवले तरी पुरे.

दुसरी नोंद फाशाची. टाकायच्या आधी आकडा, रोल किती, फसलं तर काय, हे तिन्ही सांगायचं. टाकल्यावर बदल नाही. नेटवर्क रोलच्या आधी गेलं तर प्रसंग थांबेल, नंतर गेलं तर पडलेला आकडा खरा. तिसरी नोंद शिलेदारामुळे आली: ॲडव्हान्टेज वस्तूला मिळेल, वर्णनाला नाही. खेळाडूने दोन शब्दांत दोर म्हटला तरी तो दोरच. अक्काला ही नोंद जड गेली. सुंदर लिहिणाऱ्याला काहीच द्यायचं नाही का, असं तिने विचारलं. द्यायचं की, शाबासकी द्यायची.

फरक पडल्याचं एक उदाहरण लगेच दिसलं. दादाच्याच थ्रेडमध्ये शिलेदार त्या कड्याखाली आला, पाऊस चालू, दोर नाही. दादाने तिन्ही गोष्टी आधी सांगितल्या. शिलेदाराने चॅनेलवरच हिशेब केला, "ह्यात आपलं काय खरं नाही," म्हणाला, आणि चढाई सोडून गडावर लाकूडफाटा पोचवणाऱ्याला फितवायच्या मागे लागला. त्यातून निघालेलं प्रकरण अजून चालू आहे आणि कड्यापेक्षा कितीतरी रंगलं आहे.

जासुदाचा खेळाडू परत आला तो एका पायरीने खालचा माहूत घेऊन, अक्काच्या टेबलावर. दादाशी बोलतो, त्याच्याकडे खेळत नाही. दादाचं टेबल काही काळ रिकामंच होतं. आता तिथे मुख्यतः नवे खेळाडू येतात, ज्यांना सगळं आधी सांगणारा जीएम हवा असतो.

सध्याचं दुखणं वेगळंच आहे. महजर फुगत चालला आहे. प्रत्येक ओढ्याची, प्रत्येक कुलपाची नोंद होते आणि खेळाडू त्यातली कलमं काढून वकिलासारखे भांडतात. एकाने तर वेगळ्याच गडावरच्या दरवाजाची नोंद दाखवून आपल्या दरवाजाचा आकडा कमी करून मागितला. मामांनी ठरवलंय की जागांच्या आणि फाशाच्या नोंदी सोडून बाकी जी नोंद सहा महिन्यांत कुणाला लागली नाही ती काढून टाकायची. दादाचा याला कडाडून विरोध आहे. काढलेल्या सगळ्या नोंदी त्याने स्वतःच्या फोनमध्ये उतरवून ठेवल्या आहेत, आणि अडलं की अक्काच्या टेबलावरचे लोकही त्यालाच मेसेज करून विचारतात.